नहराची पाळ सायकलीसाठी राखून ठेवा

गेल्या खरिपात, रोवणी ऐन भरात असताना, मी सायकलीसकट नहरात पडलो. सायंकाळची साडेसहाची वेळ होती. आभाळ भरून आलेले. समोरून रेतीने भरलेला टिप्पर नहराच्या पाळीवरून दिवे न लावताच आला. पाळ दहा-बारा फुटांची, टिप्पर आठ फुटांचा. उरलेल्या जागेत मी, माझी सायकल आणि हँडलला लटकवलेली कामगंध सापळ्यांची पिशवी. मी कडेला झालो, कड ओली होती, माती सुटली आणि मी पाण्यात. पाणी कमरेइतकेच होते म्हणून आज हा लेख लिहायला शिल्लक आहे. गळ्याजवळचे हाड मोडले, सहा आठवडे हात गळ्यात बांधून शेतीशाळा घेतल्या. टिप्पर थांबला नाही. तो कोणाचा, हे मला माहीत नाही आणि या लेखाचा तो विषयही नाही. विषय आहे ती पाळ.

कारण मी पडलो त्याच्या अठराव्या दिवशी, त्याच जागेपासून जेमतेम पन्नास पावलांवर नहर फुटला.

लोक म्हणाले, पाऊस जास्त झाला. पाऊस झाला हे खरे. पण पाळ पावसाच्या आधीच खचली होती. आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. त्यावरून दहा चाकी टिप्पर गेला तर भरल्या गाडीचे नियमातले वजनच २८ टनांच्या घरात, आणि नियमात भरलेला टिप्पर आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे ते ज्याचे त्याने आठवावे. चाकोरी पडते. चाकोरीत पाणी साचते, ते पाळीच्या पोटात मुरते, आतल्या बाजूच्या अस्तराच्या फरश्या सुटतात आणि मग एका रात्री सगळे वाहून जाते. त्या फुटीने खालच्या बाजूच्या बांध्यांत रेती-गाळ भरला. शेपटाकडच्या गावांत पाणी पोहोचायला तीन आठवडे उशीर झाला. पऱ्हे २१ ते २५ दिवसांचे असताना रोवायचे असे आम्ही सभांमधून सांगतो. तिथे ४० दिवसांचे पऱ्हे रोवले गेले. असल्या पऱ्ह्याला फुटवे किती येतात ते शेतकऱ्याला मी सांगायला नको.

आता या टिप्पर-पुराणात सायकल कुठे आली, असे वाचक विचारतील. म्हणून आधी माझ्या सायकलीबद्दल.

मी कृषी सहायक. आमचे नाव आता बदलून 'सहायक कृषी अधिकारी' झाले आहे. पाटी बदलली, गावे तीच आहेत. माझ्याकडे मोटारसायकल आहे. तालुक्याच्या बैठकीला, पंचनाम्याच्या घाईत ती लागतेच. परंतु पाहणीला मी गेली पाच-सहा वर्षे सायकलीने जातो, तेही शक्यतो नहराच्या पाळीने. सुरुवातीला हसू झाले. एका म्हाताऱ्या मामाजींनी तर थेट विचारले, "साहेब, गाडी जप्त झाली का जी तुमची?" मी म्हटले, "नाही मामाजी, गाडीवरून तुमची बांधी दिसत नाही." ते म्हणाले, "मंग आमाले बी दिसत नसन. पोरगा रोज गाडीनंच जाते वावरात."

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. तुडतुड्याची सुरुवात बांधीच्या मध्यभागी होते. धुऱ्यावरून, तेही गाडीच्या वेगात, धान हिरवेगार दिसते आणि आत बुडख्याशी, पाण्याच्या वर चार बोटे, किडे बसलेले असतात. गोल पिवळा चट्टा दिसला की समजावे, आठवडाभरात तो करपल्यासारखा होणार. नहराची पाळ शेतापेक्षा पाच-सात फूट उंच असते. तिच्यावरून सायकलीच्या वेगाने जाताना दोन्ही हातांच्या बांध्यांचा आतला रंग दिसतो. ऑक्टोबरमध्ये भारी धान निसवताना मी दोनदा असे चट्टे पाळीवरूनच ओळखले आणि उतरून चूड हलवून पाहिली. त्यासाठी कोणते ड्रोन लागले नाही.

नहराच्या रस्त्याला आणखी एक गुण आहे, तो इंजिनिअर मंडळींनी सायकलवाल्यांचा विचार करून दिलेला नाही. पाणी चढ चढत नाही, म्हणून नहरालाही चढ नसतो. नहर जमिनीची पातळी धरून, टेकडीला वळसा घालून, हजारो फुटांत एखाद-दोन फूट उतरत जातो. त्यामुळे त्याच्या पाळीवर सातवीतली मुलगी आणि साठीतला माणूस सारख्याच सहजतेने सायकल चालवू शकतात. छाती फुटत नाही. फक्त हिवाळ्यात उलटे वारे असले तर थोडे वाकून चालवावे लागते.

आपला जिल्हा तलावांचा, तसाच तो वैनगंगेच्या खोऱ्याचा. सूर, चुलबंद, बावनथडी या तिच्याच लेकी. या पाण्याबरोबर नहर आले. गोसीखुर्दचे भूमिपूजन १९८८ साली झाले. त्याचा डावा कालवा सुमारे २३ किलोमीटरचा, पवनी आणि लाखांदूर तालुक्यांकडे जाणारा. उजवा ९९ किलोमीटरचा, चंद्रपूर जिल्ह्याकडे गेलेला. तुमसर-मोहाडीकडे बावनथडीचे नहर आहेत. लाखांदुरात इटियाडोहाचे पाणी येते. मुख्य कालवा, वितरिका, लघुकालवा असे करत हे जाळे बांधीपर्यंत पोहोचते, आणि मोठ्या कालव्यांच्या कडेने खात्याचा तपासणीचा रस्ता असतो. तो सार्वजनिक वाहतुकीचा रस्ता नाही. म्हणजे गाड्यांची वर्दळ नसलेला, सपाट, नदीच्या खोऱ्यातून जाणारा रस्ता आपल्याकडे आधीच बांधून पडला आहे. असा रस्ता करायला इतर देशांत कोट्यवधी खर्चतात.

नोव्हेंबरच्या शेवटी, धान कापून झाल्यावर, या पाळीवरून सकाळी सातला निघावे. बांध्यांत लाखोळी उगवलेली असते, कुठे जवसाचा निळा फुलोरा यायच्या बेतात. नहरात पाणी सोडले असेल तर ते सोबतीने चालते. ढोकरी आणि बगळे बांधीत उतरलेले. मैलभर गेले तरी हॉर्न ऐकू येत नाही. ही गोष्ट शहरातल्या माणसांना आपल्या आधी कळली. हिवाळ्यात रविवारी नागपूरकडून डोक्याला टोप चढवलेली, घट्ट कपड्यांतली मंडळी बारीक चाकांच्या सायकली घेऊन इकडे येतात, पाळीवर थांबून फोटो काढतात, चहाची टपरी शोधतात. टपरी नसते. पाहणाऱ्या पोरांना गंमत वाटते, "एवढी महाग सायकल अन् कॅरिअर नाही!"

गोसीखुर्दच्या जलाशयाच्या काठाने मात्र मी फारसा जात नाही. तिथेही वर्दळ नसलेले रस्ते आहेत, डांबरी आहेत. पण ते थेट पाण्यात जातात. ते बुडालेल्या गावांचे रस्ते. एकदा अशाच एका रस्त्यावर, पाण्यापासून वीस पावलांवर, एक बाई बसलेल्या दिसल्या. नवीन गावठाणातून पायी आल्या होत्या. त्यांनी पाण्याकडे बोट करून सांगितले, "तिकडं आमची बोडी होती, त्याच्या पलीकडं घर." मी सायकल वळवली. गावे उठल्यामुळे सुने झालेल्या या रस्त्यांची जाहिरात कोणी पर्यटनासाठी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी म्हणतो आहे ते नहराच्या पाळीबद्दल, जिच्या दोन्ही बाजूंना आजही माणसे राहतात आणि शेती करतात.

उत्तरेकडे तुमसरच्या पुढे जमीन थोडी उचलते. सातपुड्याच्या पायथ्याच्या बुटक्या टेकड्या. गोंड राजा बख्त बुलंदाच्या काळातला आंबागडचा किल्ला त्यांतल्याच एका टेकडीवर आहे, जवळच महाशिवरात्रीच्या यात्रेचे गायमुख. यात्रेचे दिवस सोडले तर त्या भागातले जंगलालगतचे लहान रस्ते रिकामे असतात. चढ आहेत, पण जीव घेणारे नाहीत. उतरून ढकलण्यात लाज नाही. एक सूचना मात्र शेतकरी म्हणून नव्हे, जबाबदार कर्मचारी म्हणून करतो. कोका, नागझिरा, कऱ्हांडला ही जंगले आपल्या शेताला लागून आहेत. 'जय' नावाचा वाघ २०१३ साली नागझिऱ्याहून कऱ्हांडल्याला गेला, तो आपला महामार्ग आणि आपली वैनगंगा ओलांडूनच. वाघालाही वर्दळ नसलेला रस्ता आवडतो. जंगलालगतच्या पाळीवर पहाटे अंधारात आणि दिवस मावळल्यावर सायकल नको. मोहफुलाच्या दिवसांत अस्वलाचे भय अधिक. सायकलीचा आवाज होत नाही हा तिथे गुण नसून दोष आहे. घंटी वाजवत जावे, एकट्याने जाऊ नये.

असो. हौशी मंडळी येतील-जातील. माझी चिंता वेगळ्या सायकलींची आहे.

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ही सोय. योजना चांगली आहे. पण माझ्या कार्यक्षेत्रात घरोघरी माती नमुन्यांसाठी फिरताना किती सायकली मी ओसरीत पोत्याखाली, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून ठेवलेल्या पाहिल्या! विचारले तर आई सांगते, "पोट्टीले रोडानं कसं पाठवाचं जी? टिप्पर कसे पळते पाहता ना?" बापाचेही तेच. जुन्या सहा नंबरचा, आताच्या त्रेपन्न नंबरचा महामार्ग चारपदरी झाला. गाड्यांचा वेग वाढला, आणि त्याला मिळणाऱ्या गावरस्त्यांवरही तोच वेग उतरला. मुलगी मग ऑटोत दहाव्या सवारीसारखी कोंबून जाते, नाहीतर दहावीनंतर घरी बसते. त्या घरामागून, शंभर पावलांवरून, नहराची पाळ शाळेच्या गावाकडे गेलेली असते. तिच्यावरूनही टिप्पर पळू लागले, म्हणून तीही बंद.

सायकलीने काय होते याचा दाखला आपल्या देशातच आहे. तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण बायांना सायकल शिकवली गेली. शेतमजूर बाया, खाणीत काम करणाऱ्या बाया, अंगणवाडीवाल्या स्वतः सायकल चालवत कामावर आणि बाजाराला जाऊ लागल्या. घरातला पुरुष केव्हा नेतो याची वाट पाहणे सुटले. बिहारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले आणि तिथल्या शाळांत मुलींची संख्या वाढली. आपल्या शेजारी वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमट्यांनी १९८५ साली तरुणांना घेऊन कन्याकुमारी ते काश्मीर 'भारत जोडो' यात्रा काढली, तीही सायकलींचीच.

विदेशातले एक उदाहरण देतो, कारण ते आपल्या नहराशी जुळते. युरोपात डॅन्यूब नदीच्या काठाने पूर्वी घोडे चालत आणि दोराने नावा प्रवाहाविरुद्ध ओढत नेत. आगगाड्या आणि इंजिनाच्या बोटी आल्यावर घोड्यांच्या त्या वाटा ओस पडल्या. पुढे त्या सायकलींसाठी राखल्या गेल्या. आज जर्मनीतल्या पासाउपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत, सुमारे ३०० किलोमीटर, लोक नदीकाठाने लेकराबाळांसह सायकलीने जातात आणि वाटेतला शेतकरी त्यांना खोली भाड्याने देतो, आपल्या बागेतली फळे विकतो. इतके दूर जायचे नसेल तर राजस्थानात भरतपूरचे पक्ष्यांचे अभयारण्य आहे. तिथे पर्यटक भाड्याच्या सायकलीने किंवा सायकलरिक्षाने फिरतात, आणि रिक्षा ओढणारी माणसेच पक्षी ओळखून दाखवतात. आपल्या राज्यात माथेरानला मोटारी गावात शिरत नाहीत, म्हणून कोणी उपाशी राहिलेले नाही.

आता आक्षेप. हा विषय एका सभेत काढला तेव्हा एक शेतकरी भाऊ चिडून उठले. म्हणाले, "साहेब, आमचा धान काय सायकलीवर आणावा? पाळीशिवाय ट्रॅक्टर जायला रस्ता नाही." त्यांचा मुद्दा रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. अनेक बांध्यांना दुसरी वाट नाही, कारण पांदण रस्ते अतिक्रमणात गेले. त्यासाठी २०२१ पासून मातोश्री पाणंद रस्त्यांची योजना आहे. पांदण मोकळी करणे हाच त्यावरचा खरा उपाय. ती होईपर्यंत कापणी-मळणीच्या दिवसांत शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आणि बंडी पाळीवरून जाऊ द्यावी लागेल. पण बारा महिने, रात्रंदिवस, नदीघाटाकडून येणारा टिप्पर आणि वर्षातून आठ-दहा दिवस जाणारा धानाचा ट्रॅक्टर एका मापाने मोजता येणार नाहीत. खरे सांगायचे तर पुष्कळ गावांत शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचे नाव पुढे करून टिप्परवाल्यांची वाट मोकळी ठेवली जाते. ती कोण ठेवतो हे गावात सर्वांना माहीत असते.

काम अवघड नाही. पाळ जिथे गावरस्त्याला मिळते तिथे दोन पक्के खांब आणि त्यांना कुलूपबंद आडवा लोखंडी पाइप. बाजूला तीन फुटांची मोकळी फट, सायकल आणि पायी जाणाऱ्यासाठी. त्या फटीतून मोटारसायकलही जाईल, ती अडवता येणार नाही, तेवढे सोसावे. एक किल्ली खात्याच्या पाटकऱ्याकडे, दुसरी पाणी वापर संस्थेच्या अध्यक्षाकडे. हंगामात ज्याला ट्रॅक्टर न्यायचा त्याने नाव लिहून किल्ली न्यावी. सिंचन व्यवस्थापनाचा २००५ चा कायदा पाणी वापर संस्थांना लघुकालव्यांची देखभाल देतो, म्हणजे पाळ जपणे हे त्यांच्या कामात मोडतेच. मुख्य कालव्यासाठी खात्याची लेखी परवानगी लागेल, ती ग्रामपंचायतीने मागावी. खर्च वेल्डिंगवाल्याच्या दोन दिवसांच्या मजुरीचा आणि थोड्या लोखंडाचा. टिप्परवाला पाइप कापून नेईल, हेही मी धरून चालतो. कापला तर पुन्हा लावावा आणि तक्रार संस्थेच्या लेटरहेडवर करावी, एकट्या माणसाच्या नावाने नको.

आणि आणखी एक घाण आपण स्वतःच काढायची आहे. रात्री पाळीवर बसून पिणारे आपल्याच गावचे असतात. त्यांनी फोडलेल्या बाटल्यांनी सायकलीची ट्यूब फाटते, आणि रोवणीला अनवाणी उतरलेल्या बाईचा पाय तर त्याहून वाईट चिरतो. गेल्या हंगामात आमच्याकडे एका बाईला सात टाके पडले. तिचे रोवणीचे सगळे दिवस गेले, मजुरी गेली.

नहर फुटलेल्या त्या गावात मी हात गळ्यात बांधून दोन सभा घेतल्या. पहिलीला नऊ माणसे आली, दुसरीला चाळीसच्या वर, कारण मधल्या काळात शेपटाकडच्या शेतकऱ्यांनी धान मोजून पाहिला होता. पाइप लागला. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा पाळीवरून जाणाऱ्या मुली मी मोजल्या: पहिल्या दिवशी चार, पंधरा दिवसांनी अकरा. एकीच्या सायकलीवर कोंबड्यांच्या विष्ठेचे डाग अजून तसेच होते. पाइप एकदा कापला गेला. गावाने तिसऱ्या दिवशी दुसरा बसवला.

उन्हाळी धानाला पाणी नसेल तिथे नहर बंद असतो तेव्हाच पाळीची डागडुजी होते, आणि खांबही तेव्हाच रोवता येतात. त्याआधी ग्रामसभेचा ठराव हवा. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, पाणी वापर संस्थेच्या अध्यक्षांना बोलवावे आणि जमल्यास शाळेच्या मुख्याध्यापकांनाही. ठरावाचा मसुदा कोणाला हवा असेल तर आपल्या गावाच्या कृषी सहायकाला सांगावे, आम्ही लिहून देऊ. मुलींची नावे मात्र गावानेच लिहावीत: कोणत्या घरी सायकल आहे, आणि त्यातली किती ओसरीत पडून आहेत.